चौदावी पायरी

मी स्कूटी घेतली त्या दिवशी अण्णांनी पेढा मागितला नाही, स्कूटीची लांबी विचारली. मी रंग सांगितला. ते म्हणाले, "रंगाला जागा लागत न्हाई बाई, लांबीला लागते." मग खिशातून टेप काढून त्यांनी कार्यालयाच्या दारातच माझ्या नव्याकोऱ्या गाडीचं माप घेतलं, भोवतीनं खडूनं चौकोन आखला आणि मला गाडी बाजूला घ्यायला लावली. त्या रिकाम्या चौकोनात ते स्वतः उभे राहिले, मला उभं केलं, शिपायाला बोलावलं, पाणी भरणाऱ्या मावशींना हाक मारली. आम्ही चौघं त्यात आरामात मावलो. "पहा," ते म्हणाले, "कामाला एकटी बाई यायली आन् जागा चौघांची घ्यायली." मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझा संताप संताप झाला होता.

पुढं कितीतरी वर्षं मी गाडी मागच्या गल्लीत लावून, चालत आल्यासारखा चेहरा करून कार्यालयात शिरत असे. अण्णांना ते माहीत होतं. ते फक्त माझ्या हेल्मेटनं चपट्या झालेल्या केसांकडं बघत. मला त्या माणसाचा फार राग येई, आणि त्या माणसावर माझा फार जीव होता. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर वर्षानुवर्षं नांदल्या.

अण्णा आमच्या कार्यालयात मुख्य आरेखक होते, म्हणजे शहराचे नकाशे काढणारे. मी त्यांच्या हाताखाली अनुरेखक म्हणून लागले, म्हणजे त्यांच्या नकाशावर पातळ कागद ठेवून तो जसाच्या तसा गिरवणारी. मी बिलोलीची, ते रेणापूरचे. नांदेडात नोकरीला आले ते इथलेच झाले, पण बोलणं लातूरकडचं राहिलं. कुणी त्यांना चिडवायला म्हणायचं, की अण्णा, तुमच्या लातूरला पाणी रेल्वेनं येतं आणि तुम्ही आम्हाला नदी शिकवता होय. अण्णा शांतपणे म्हणत, "ज्याला मिळत न्हाई त्यालाच तर माप माहीत असतंय."

त्यांनी आयुष्यात वाहन घेतलं नाही. नदीकाठच्या घरापासून कार्यालयापर्यंत रोज चालत यायचे, तेही सरळ नाही. कुठं फुटपाथवर फ्लेक्सचा खांब आला, कुठं दुकानदारानं पायरी पुढं ओढली, कुठं नवीन गाड्या लागायला लागल्या, हे बघत बघत यायचे आणि वहीत उतरवायचे. वहीवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'चालणाऱ्याचं काय उरलं'. मी एकदा म्हटलं, "अण्णा, असल्या वह्या कोण वाचणार?" ते म्हणाले, "वाचायला कोण लिहायलंय? मी मोजायलोय."

एकदा कार्यालयाच्या आवारात मोटारींसाठी पिवळे पट्टे मारले. मोकळ्या जागेत लिंबाखाली बसून आम्ही डबे खायचो, ती जागाच पट्ट्यात गेली. सगळ्यांनी कुरकुर केली आणि जिन्यात बसून डबे खाल्ले. अण्णांनी मात्र आपलं स्टूल उचललं, दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये मांडलं आणि डबा उघडला. मोठ्या साहेबांच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"उठा अण्णा, गाडी लावायचीय."

"लावा की शेजारी. मी बी लागलेलोच हाय."

"तुमची गाडी कुठंय?"

अण्णांनी पाय पुढं करून चप्पल दाखवली. साहेब गाडीतून उतरले. रागवावं की हसावं हे त्यांना समजेना. तोवर अण्णांनी धपाटं आणि त्यावर शेंगदाण्याची चटणी पुढं केली होती. साहेबांनी ते उभ्याउभ्या खाल्लं. पट्टे राहिले, पण लिंबाखालचे दोन आमच्यासाठी सुटले, आणि आजही तिथं बायका डबे खातात.

कामात ते भयंकर होते. रेष ओढताना श्वास धरायचा नाही, सोडायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. पेन्सिलीचं टोक बोटाला टोचून बघायचे. माझी एखादी रेष थरथरली तर ओरडत नसत, फक्त विचारत, "ही रेष कुणाच्या घरावरून चालली, बघितलं का?" बघितलेलं नसायचं. मग मला त्या जागेवर जाऊन, ते घर डोळ्यांनी बघून यावं लागे. आमच्यासाठी कागदावरची रेघ असते, पण ज्याच्या अंगणातून ती जाते त्याची झोप जाते, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या रेषेबद्दल त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत. "माझ्या नकाशात चूक दाखवा आन् माझ्याकडं जेवायला या," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. अख्ख्या नोकरीत त्यांच्याकडं कुणी जेवायला गेलं नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात. अण्णा हरकती घ्यायला लागले. पेपरात 'नागरिकांच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' अशी बारीक टायपातली जाहिरात आली, की जवळच्या नात्यातली लग्नपत्रिका आल्यासारखे ते तयारीला लागत. पांढरा शर्ट धुऊन इस्त्रीला जाई. हरकत हातानं लिहिलेली, सोबत नकाशा, तीन प्रती. पार्किंगसाठी मैदान घेताय तर मैदानावर खेळणाऱ्यांना कुठं उभं करणार? रस्ता रुंद करताय तर म्हातारा माणूस तो एका दमात ओलांडेल का? आणि प्रत्येक हरकतीच्या शेवटी एक ओळ ठरलेली, विषय कुठलाही असो : 'शहर बस सुरू करावी.'

शहर बस मधेच बंद पडली होती. थांबे तेवढे उरले होते. अण्णा दर सोमवारी सकाळी त्यातल्या एका थांब्यावर जाऊन अर्धा तास उभे राहायचे. येणारे जाणारे ऑटोवाले ओळखून हाक मारायचे, "अण्णा, बस गेली की हो, चला सोडतो." हे हात हलवून नको म्हणायचे. मला राहवलं नाही. मी गाडी थांबवून विचारलं, हे काय करून राहिलात? ते म्हणाले, "थांब्यावर कुणीच थांबलं न्हाई तर उद्या तिथं टपरी येते, बाई. मग बस आली तरी थांबल कुठं?" मला हसू आलं. पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या थांब्यावर सोमवारी तीन-चार म्हातारी माणसं उभी राहायला लागली होती. बसचा पत्ता नव्हता, गप्पा मात्र रंगायच्या.

मग नदीकाठच्या विकासाचा आराखडा आला.

घाटाच्या बाजूला एक खोलगट गल्ली आहे, गादीवाल्यांची. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, दोरा घालायचा, हा तिथल्या बहुतेक घरांचा पिढीजात धंदा. गल्ली आणि नदी यांच्यामधल्या उतारावर भराव टाकून मोटारींसाठी दुमजली पार्किंग, पुढं उंच भिंत, भिंतीवर दिवे आणि फिरायला रस्ता, असा तो आराखडा होता. शहरातल्या बऱ्याच लोकांना तो आवडला. मलाही आवडला, खोटं कशाला बोलू. घाटावर गाडी लावायला जागा मिळत नाही हे मी रोज भोगत होते. गल्लीवाल्यांचं म्हणणं एकच : भिंत झाली की पुराचं पाणी आमच्याकडं आलेलं परत जाणार नाही. त्यावर उत्तर तयार होतं. नकाशात पुराची निळी रेषा आहे, त्या रेषेच्या आत बांधता येत नाही, आणि पार्किंग रेषेच्या बाहेर आहे. म्हणजे तिथं पूर येतच नाही. ती निळी रेषा अण्णांची होती. तरुणपणी, नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, त्यांनी ती काढली होती, आणि त्यानंतर प्रत्येक नकाशात ती गिरवली गेली. दोनदा तर मीच गिरवली.

अण्णांचं घर गल्लीच्या थोडं मागं. त्याच रेषेच्या भरवशावर त्यांनी तो प्लॉट घेतला होता. त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, बांधतानाच जिन्याची जागा सोडून ठेवली होती. मुलगा हैदराबादची नोकरी सोडून बायको-मुलांसह परत यायचा होता, त्याच्यासाठी वरचा मजला चढवायचा होता. सागवानी चौकटी येऊन अंगणात पडल्या होत्या. मी गेले की काकू मला त्या चौकटींवरून हात फिरवून दाखवायच्या.

हरकतीची तयारी म्हणून अण्णांनी एका सकाळी मला घाटावर टेप धरायला बोलावलं. उन्हाळा होता, नदी आटलेली, घाटाची सगळ्यात खालची पायरीसुद्धा उघडी पडली होती. गल्लीतले एक वयस्कर गादीवाले चाचा सावलीला बसून आमची मोजणी बघत होते. अण्णांचा मुद्दा त्या दिवशी पुराचा नव्हताच. घाटावर चालत किती येतात आणि मोटारीनं किती, हे त्यांना मांडायचं होतं. मीच उगीच काहीतरी बोलायचं म्हणून चाचांना विचारलं, "चाचा, सगळ्यात मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठवर आलं होतं?"

"चौदाव्या पायरीला," चाचा म्हणाले. "मेरे अब्बा ने खुद दिखाया था."

"हाव," अण्णा टेप गुंडाळत म्हणाले, "मला बी त्यांनीच सांगितलं हुतं. चौदावी. तीच धरली म्या."

चाचा उठले, घाटाच्या वरच्या टोकाला गेले आणि मोजत मोजत खाली उतरू लागले. एक, दो, तीन. चौदाव्या पायरीवर येऊन त्यांनी चप्पल आपटली. "ये देखो. हीच."

अण्णा तिथल्या तिथं उभे राहिले.

"चाचा, वरून कामून मोजलं?"

"मग कुठून मोजणार साहेब? पाणी चढलं की खालच्या पायऱ्या बुडतात. जे दिसतं तिथूनच मोजायचं ना. हमारे इधर सगळे वरूनच मोजतात."

रेणापूरकडं पायऱ्या असतात त्या देवळाला. पहिली पायरी म्हणजे ज्या पायरीवर आपण पहिला पाय ठेवतो ती, खालची. अण्णा भर उन्हाळ्यात घाटावर आले होते, सगळ्या पायऱ्या उघड्या होत्या, त्यांनी खालून चौदा मोजल्या होत्या. घाटाला पायऱ्या चौतीस. चाचांची चौदावी खालून एकविसावी होती. मी दोनदा मोजली. सात पायऱ्यांचा, म्हणजे चार फुटांचा फरक. नंतरच्या काळात एवढा मोठा पूर पुन्हा आला नाही, म्हणून चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती.

चार फूट पाणी वर धरलं तर सबंध उतार पाण्याखाली जातो, गल्ली जाते, आणि गल्लीच्या मागं काय आहे ते मला सांगायची गरज नव्हती. रेषेच्या आत आलेलं घर पाडत नाहीत, पण त्यावर एक वीटही चढवता येत नाही. मी म्हटलं, "अण्णा, तुमचं घर."

"आधी गल्ली मोजू," ते म्हणाले.

परतताना मी त्यांना खूप समजावलं. पार्किंगला विरोध करायला दुसरी शंभर कारणं आहेत, ती मांडा. स्वतःची चूक कशाला चव्हाट्यावर आणता? पेन्शन अडकवतील, पेपरवाले छापतील, आणि काकूंचा जीव त्या वरच्या मजल्यात आहे. अण्णा ऐकत चालले होते. चौकात आल्यावर म्हणाले, "बाई, तुमी ती रेष दोनदा गिरवली. तुमाला वाटलं का, की चुकली असल?" मी म्हटलं, तुमची रेष होती, कशाला वाटेल? "तेच," ते म्हणाले, आणि घराकडं वळले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही. भीती वाटली.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. पुढं व्यापारी, गाडीवाले, आराखडा करणारे सल्लागार. मागं भिंतीला टेकून गल्लीतली माणसं. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून झाली. अण्णांचं नाव पुकारलं तसं दोन-तीन जण हसले, कारण अण्णा आता बस मागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझी हरकत यांच्या आराखड्यावर न्हाई," अण्णा म्हणाले. "माझ्या रेषेवर हाय."

मग त्यांनी पायऱ्यांची हकीकत सांगितली. सगळी, काही न वगळता. देवळाच्या पायऱ्या सांगितल्या, चाचांची चप्पल सांगितली. मधेच कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "वरून का खालून, एवढंबी कळलं न्हाई होय?" अण्णा त्याच्याकडं वळून म्हणाले, "न्हाई कळलं. इचारायला पाहिजे हुतं. म्या इचारलं न्हाई."

अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्यानं चष्मा काढला. "म्हणजे इतकी वर्षं हा नकाशा चुकीचा आहे?"

"हाव."

"आणि ही चूक कुणाची?"

"माझी. खालच्या कोपऱ्यात सही हाय, बघा."

"हे लेखी द्याल?"

अण्णांनी तीन प्रती पुढं केल्या. शेवटी ती बसची ओळ होतीच. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. मागं उभ्या असलेल्या चाचांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पुढं रीतसर मोजणी झाली, यंत्रं लावून. अण्णांनी सांगितलं तेच निघालं. पार्किंग जुन्या बाजाराकडं हलवलं, भिंत रद्द झाली. पेन्शनीचं काही झालं नाही. एका पेपरानं छापलं, पण नाव चुकीचं छापलं. आणि नवी निळी रेषा शहराच्या नकाशावर चढवायचं काम माझ्या टेबलावर आलं, कारण तोवर मीही आरेखक झाले होते.

मोजणीवाले बिंदू देतात. दोन बिंदूंच्या मधे रेष कशी न्यायची, हे थोडंफार आरेखकाच्या हातात असतं. अण्णांच्या घराच्या अलीकडं एक बिंदू होता, पलीकडं एक. रेष जशी जायला हवी होती तशी गेली तर त्यांच्या घराचा मागचा कोपरा, न्हाणीघराएवढा, आत येत होता. कोपरा आला की घर आलं. मी सबंध दुपार त्या जागेकडं बघत बसले. मग मी रेष थोडी वळवली. फार नाही, नखाएवढी. घर बाहेर राहिलं. त्या माणसानं एवढं दिलं, त्याला एक जिना तरी मिळू दे, असं मला वाटलं. आजही तसंच वाटतं.

नकाशा लोकांना बघायला लावला त्याच दिवशी अण्णा आले. भिंग घेऊन घाटापासून सुरुवात केली आणि इंच इंच पुढं सरकत राहिले. मी टेबलावर मान खाली घालून बसले होते.

"बाई, ही रेष हितं कामून लाजली?"

"दोन बिंदूंच्या मधे आहे, अण्णा. तेवढं चालतं."

"चालतंय. पण पाणी असं वळून जाईल का?"

ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. आवाज अजिबात चढला नाही. "तुमी माझ्यासाठी केलं, ते मला कळतंय. पण ह्याच्यावर तुमची सही असणार हाय. उद्या तुमाला कुणी इचारलं, तर?"

मी संगणकावर ती रेष सरळ केली. श्वास सोडत केली. ते शेवटपर्यंत बघत राहिले, मग "आता बरोबर" म्हणून उठले आणि दारापर्यंत गेले. तिथून परत आले.

"बाई, काम झालं असल तर जरा घरापर्यंत येता का?"

"का, अण्णा?"

"तुमच्या काकूला अजून सांगितलेलं न्हाई."

इतके महिने झाले होते. सुनावणी झाली, मोजणी झाली, पेपरात छापून आलं, आणि हा माणूस रोज त्या चौकटींवरून पाय टाकून घरात जात होता. भरल्या सभागृहात न अडखळता बोललेले अण्णा त्या संध्याकाळी आपल्याच दारात चपला काढायला केवढा वेळ लावत होते. एक काढली, नीट ठेवली, दुसरी काढली, पुन्हा पहिली सरकवली. काकू आतून बाहेर आल्या. माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं.

"काय झालं?"

"वरचा मजला काही होत न्हाई," अण्णा जमिनीकडं बघत म्हणाले. "आपलं घर रेषेत आलं."

काकूंनी चौकटींकडं बघितलं.

"आन् त्या गल्लीवाल्यांचं? त्यांच्यापुढची भिंत?"

"ती न्हाई होत."

"मग हुबं कामून राहिलात?" काकू म्हणाल्या. "आत या. बाईंना चहा टाकते." आणि त्या लगबगीनं आत गेल्या. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज आला नाही. अण्णा ओसरीच्या कडेला बसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना दोन्ही हातांनी तोंड झाकून घेताना पाहिलं.